ऑस्करच्या निकालाचा अदमास

अमेरिकेतील चित्रपट-अकादमीने १६ मे १९२९ रोजी हॉलिवुडमधील रूझवेल्ट हॉटेलात आपली पहिली पारितोषिके वाटली, तेव्हा तेथे जमलेल्या पाहुण्यांपैकी कोणालाही विजेत्यांच्या नावांची उत्कंठा लागलेली नव्हती. कारण ती नावे तीन महिने अगोदर, फेब्रुवारीतच, जाहीर होऊन गेली होती आणि मेजवानीनंतरचा प्रत्यक्ष समारंभ अवघ्या पंधरा मिनिटांत उरकला होता. पुढच्या खेपेपासून निकाल समारंभाच्या रात्रीपर्यंत झाकून ठेवण्याचा शिरस्ता पडला. तरी वृत्तपत्रांच्या सोयीसाठी विजेत्यांची यादी, रात्री अकरापूर्वी ती प्रसिद्ध करू नये या अटीवर, त्यांच्या कचेऱ्यांत आधीच धाडली जाई. १९४० साली, म्हणजे ‘गॉन विथ द विंड’ला पारितोषिक मिळाले त्या वर्षी, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ही अट मोडून संध्याकाळच्या आवृत्तीतच यादी छापून टाकली, आणि मेजवानीला निघालेल्या कित्येक मंडळींना सभागृहात पाऊल टाकण्यापूर्वीच निकाल ठाऊक झाला. या प्रसंगाने अकादमी सावध झाली आणि १९४१ पासून मोहोरबंद लिफाफ्याची पद्धत अमलात आली. मतमोजणीचे काम तर त्यापूर्वी काही वर्षेच प्राइस वॉटरहाऊस या हिशेबतपासनिसांच्या पेढीकडे सोपवण्यात आले होते.

निकाल गुप्त झाला तेव्हाच त्याचा अदमास बांधण्याच्या उद्योगाला खरा आरंभ झाला, असे म्हटले पाहिजे. आणि ही गुप्तता मोठी कडेकोट आहे. निवडणुकीत निकालानंतर तरी कोणाला किती मते पडली हे कळते, पराभूत उमेदवार आपला हिशेब मांडू शकतो आणि पुढच्या खेपेचे अंदाज त्या आकड्यांवर उभारता येतात. अकादमी मात्र मतांचे आकडे कधीच प्रसिद्ध करीत नाही. विजय एका मताने झाला की हजार मतांनी, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे अभ्यासकाच्या हाती उरतो तो एकच दस्तऐवज: ऑस्करपूर्वीच्या दोन-अडीच महिन्यांत इतर संस्था जी पारितोषिके देतात, त्यांच्या निकालांची गेल्या कित्येक वर्षांची नोंद. या नोंदीतून काय वाचता येते आणि काय वाचता येत नाही, ते येथे पाहावयाचे आहे. पुढे जी साले येतील ती समारंभाची समजावीत; चित्रपट बहुधा त्याच्या आदल्या वर्षी प्रदर्शित झालेला असतो.

अकादमीच्या मतदारांची संख्या आज दहा हजारांच्या घरात आहे. हे सर्व लोक चित्रपटव्यवसायात प्रत्यक्ष काम केलेले असून व्यवसायवार शाखांत विभागलेले असतात. नामांकने प्रत्येक शाखा आपापल्या क्षेत्रापुरती ठरवते, म्हणजे संकलकांची नामांकने संकलक करतात आणि छायालेखकांची छायालेखक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकने मात्र सगळे मिळून करतात. अंतिम फेरीत बहुतेक सर्व विभागांत प्रत्येक सदस्याला मत असते. वेशभूषेचे पारितोषिक कोणाला द्यावे हे ध्वनिमुद्रकही ठरवतो आणि नटही. शाखांमध्ये सर्वांत मोठी शाखा नटनट्यांची आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता हीच माणसे, किंवा त्यांचे सहकारी, आपापल्या व्यवसायसंघांचेही सभासद असतात: दिग्दर्शकांचे ‘डायरेक्टर्स गिल्ड’, निर्मात्यांचे ‘प्रोड्यूसर्स गिल्ड’, नटांचे ‘स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड’, लेखकांचे ‘रायटर्स गिल्ड’. हे संघ ऑस्करच्या आधी आपली पारितोषिके देतात. त्यांचा कौल आणि अकादमीचा कौल पुष्कळदा एकच का निघतो, याचे उत्तर दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत आहे. ‘गोल्डन ग्लोब’ची कथा याच्या अगदी उलट. ती पारितोषिके वर्षानुवर्षे हॉलिवुडमध्ये राहून परदेशी पत्रांसाठी लिहिणाऱ्या नव्वदेक पत्रकारांची संस्था देत असे. त्या पत्रकारांपैकी अकादमीचा मतदार कोणी नसे. गाजावाजा मोठा, दूरचित्रवाणीवर थाटमाट मोठा, म्हणून सामान्य प्रेक्षक त्या निकालाला पूर्वसूचना मानीत आला. परंतु एका गावच्या पंचायतीचा कौल दुसऱ्या गावाला लागू करावा, तसाच तो प्रकार होता. पुढे त्या संस्थेच्या कारभारावर गंभीर आक्षेप आले, तिच्या सभासदांत एकही कृष्णवर्णीय नाही हे २०२१ साली उघडकीस आले आणि २०२३ मध्ये ती संस्थाच विसर्जित झाली.

समीक्षकांच्या मंडळांविषयीही तेच. २०११ सालचा दाखला यासाठी फार बोलका आहे. फेसबुकच्या जन्माची कथा सांगणाऱ्या ‘द सोशल नेटवर्क’ला न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन्ही शहरांच्या समीक्षक-मंडळांनी सर्वश्रेष्ठ ठरवले, राष्ट्रीय समीक्षक-संस्थांनी त्याच निर्णयावर शिक्कामोर्तब केले, गोल्डन ग्लोबही त्यालाच मिळाले, जानेवारीच्या मध्यापर्यंत पैज लावायला दुसरा चित्रपटच उरला नव्हता. मग २२ जानेवारीला निर्मात्यांच्या संघाने आपला कौल दिला, तो इंग्लंडच्या तोतऱ्या राजाची गोष्ट सांगणाऱ्या ‘द किंग्ज स्पीच’ला. आठवड्याभरात दिग्दर्शकांचा संघ आणि त्यामागोमाग नटांचा संघ याच चित्रपटाच्या पाठीशी उभे राहिले, आणि फेब्रुवारीअखेर ऑस्कर त्याच्याकडे गेले. समीक्षकांची अभिरुची हलकी होती असे यातून मुळीच निघत नाही. माझ्या मते त्यांनी निवडलेला चित्रपट अधिक मोलाचा होता. पण ऑस्करमध्ये त्यांना मत नव्हते.

व्यवसायसंघांपैकी सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे दिग्दर्शकांचा संघ. त्याचे पारितोषिक १९४८ च्या चित्रपटांपासून सुरू झाले, आणि तेव्हापासून २०२५ पर्यंत संघाने निवडलेला दिग्दर्शक आणि ऑस्कर मिळालेला दिग्दर्शक हे भिन्न निघाल्याचे प्रसंग अवघे आठ: १९६९, १९७३, १९८६, १९९६, २००१, २००३, २०१३ आणि २०२०. एवढ्या दीर्घ काळात एवढी थोडी फारकत दुसऱ्या कोणत्याही जोडीत आढळत नाही. त्या आठांची नीट उकल केली तर हा साक्षीदार आणखीच विश्वासार्ह ठरतो. १९८६ साली संघाने ‘द कलर पर्पल’साठी स्टीव्हन स्पीलबर्गला गौरविले, १९९६ साली ‘अपोलो १३’साठी रॉन हॉवर्डला आणि २०१३ साली ‘आर्गो’साठी बेन ॲफ्लेकला, या तिघांनाही ऑस्करचे साधे नामांकनही मिळालेले नव्हते. ‘द कलर पर्पल’ची तर अकरा नामांकने झाली होती, त्यांत दिग्दर्शकाचे नाव नव्हते, आणि अकरांपैकी एकही पारितोषिक पदरात पडले नाही. याचे कारण असे की नामांकन करणारी अकादमीची दिग्दर्शक-शाखा काही शेकडा ज्येष्ठ मंडळींची आहे, तर संघाच्या एकोणीस हजारांच्या आसपास सभासदांत दूरचित्रवाणी-मालिकांचे दिग्दर्शक, साहाय्यक दिग्दर्शक आणि चित्रीकरणाचे व्यवस्थापक असे नाना प्रकारचे लोक येतात. म्हणजे या तीन वेळी फारकत झाली ती मुठीएवढ्या शाखेत, अकादमीच्या सर्वसाधारण मतदारांत नव्हे. ज्यांत दोघेही रिंगणात असताना संघाचा माणूस हरला असे सामने उरतात फक्त पाच. त्यांतला १९७३ चा सामना चित्रपटरसिकाला विसरता येणार नाही: संघाने ‘द गॉडफादर’च्या फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला निवडले आणि ऑस्कर मात्र ‘कॅबरे’च्या बॉब फॉसीला मिळाले, ज्याच्या चित्रपटाने त्या रात्री आठ पारितोषिके नेली; सर्वोत्कृष्ट चित्रपट तेवढा ‘द गॉडफादर’ ठरला.

निर्मात्यांच्या संघाचे पारितोषिक वयाने लहान आहे. ते १९९० पासूनचे. पहिल्या वीस वर्षांत त्याचा आणि ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट सात वेळा वेगळा निघाला. १९९९ साली संघाने ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ निवडला आणि ऑस्कर ‘शेक्सपियर इन लव्ह’ला गेले, २००६ साली ‘ब्रोकबॅक माउंटन’ निवडला आणि ऑस्कर ‘क्रॅश’ला गेले. २०१० पासून २०२५ पर्यंतच्या सोळा वर्षांत मात्र चूक तीनदाच झाली. २०१४ साली संघाने ‘ग्रॅव्हिटी’ व ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ असे दोन विजेते बरोबरीने ठरवले आणि त्यांतल्या दुसऱ्याला ऑस्कर मिळाले, ते वर्ष मी यशात धरतो. ही सुधारणा दैवयोगाची असेल असे मला वाटत नाही, कारण २०१० साली एक मूलभूत फेरबदल झाला होता. अकादमीने सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या उमेदवारांची संख्या पाचावरून दहावर नेली आणि त्या एकाच विभागासाठी पसंतीक्रमाने मतदान करण्याची पद्धत स्वीकारली. निर्मात्यांच्या संघानेही त्याच वर्षी तीच पद्धत उचलली. बाकीच्या विभागांत एकच खूण करावयाची आणि ज्याला सर्वांत जास्त खुणा तो विजयी, असा साधा हिशेब आजही आहे.

पसंतीक्रमाची ही मोजणी मराठी वाचकाला नवखी नाही. विधानपरिषदेच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकांत पहिल्या-दुसऱ्या पसंतीची मते हा शब्दप्रयोग दर दोन वर्षांनी कानावर येतो. परंतु एकाच जागेसाठी ही पद्धत कशी चालते, याचा उत्तम दाखला भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या १९६९ सालच्या निवडणुकीत मिळतो, आणि त्या निवडणुकीत एक उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख होते: रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, माजी अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणारे. पहिल्या पसंतीच्या मतांची बेरीज झाली तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ अशी मतमूल्ये मिळाली होती. गिरी सर्वांच्या पुढे होते, तरीही विजयी नव्हते, कारण वैध मतांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ४,१८,१६९, हा आकडा त्यांनी गाठला नव्हता. मग तळाचा एकेक उमेदवार बाद करीत त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती पाहून ती मते वाटण्यात आली. शेवटी देशमुखांची मते वाटली गेली तेव्हा रेड्डींच्या पारड्यात एकंदर ९१,८७९ पडली आणि गिरींच्या पारड्यात १८,५६२. सुमारे अठ्ठ्याऐंशी हजारांची आघाडी साडेचौदा हजारांवर आली. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने राष्ट्रपती झाले. म्हणजे पहिल्या मोजणीत पुढे असलेला उमेदवार जिंकला खरा, पण तिसऱ्या माणसाच्या पाठीराख्यांना तो किती अप्रिय होता, त्याने निकाल जवळजवळ फिरवला होता.

आता प्रमुख उमेदवार तीन नसून दहा आहेत, आणि पहिल्याच्या हाती आरंभी चाळीस-पन्नास टक्के मते असण्याचा संभव फारसा नाही, अशी कल्पना केली की ऑस्करच्या पेटीत काय घडते ते समजते. काही लोकांना जो प्राणप्रिय आणि बाकीच्यांना जो असह्य, असा चित्रपट पहिल्या मोजणीत चमकतो आणि पुढे वाढत नाही. जो अनेकांच्या यादीत दुसरा-तिसरा आहे, तो हळूहळू वर येतो. दिग्दर्शकाच्या विभागात ही मोजणी नसल्यामुळे धाडसी, दिपवून टाकणारे काम तेथे सरळ जिंकते. पूर्वी सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ही दोन्ही पारितोषिके एकाच चित्रपटाला मिळणे हा जवळजवळ रिवाज होता. २०१३, २०१४, २०१६, २०१७, २०१९ आणि २०२२ या सहाही वर्षी ती वेगवेगळ्या चित्रपटांना गेली.

यांतले २०२२ चे वर्ष जवळून पाहण्याजोगे आहे. जेन कॅम्पियनच्या ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला बारा नामांकने होती. दिग्दर्शकांच्या संघाने कॅम्पियनला निवडले, ब्रिटिश अकादमीने तिच्या चित्रपटाला पारितोषिक दिले, समीक्षकांची मान्यता तर आधीपासून होती. समोर होता ‘कोडा’: मूकबधिर आईबाप आणि त्यांची ऐकू येणारी, गाण्याची ओढ असलेली मुलगी यांची साधीसरळ कथा. नामांकने अवघी तीन, त्यांत ना दिग्दर्शन ना संकलन. जुन्या नोंदवहीप्रमाणे अशा चित्रपटाचे नावही घ्यावयाचे कारण नव्हते. चारांपेक्षा कमी नामांकनांवर सर्वोत्कृष्ट ठरलेला त्यापूर्वीचा चित्रपट शोधायचा तर थेट १९३२ च्या ‘ग्रँड हॉटेल’पर्यंत मागे जावे लागते. परंतु २७ फेब्रुवारीला नटांच्या संघाने ‘कोडा’च्या समग्र नटसंचाला गौरविले. अकादमीचे अंतिम मतदान १७ मार्चला सुरू झाले, आणि ते चालू असतानाच १९ मार्चला निर्मात्यांच्या संघाने ‘कोडा’चे नाव उच्चारले, दुसऱ्या दिवशी लेखकांच्या संघानेही त्याला पटकथेचे पारितोषिक दिले. पेट्या २२ मार्चला बंद झाल्या. २७ मार्चच्या रात्री ‘कोडा’ने आपली तिन्ही नामांकने सार्थ केली, आणि ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला बारांपैकी फक्त दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. ज्याने नामांकनांची संख्या मोजली तो चुकला. दहा उमेदवारांवर पसंतीक्रमाने मत देणारी दुसरी संस्था कोणती, एवढाच प्रश्न ज्याने स्वतःला विचारला, त्याला उत्तर आठ दिवस आधी मिळाले होते.

तरीही ही एक खूण अचूक मानू नये. २०१७ साली ‘ला ला लँड’ला चौदा नामांकने होती, निर्मात्यांचा आणि दिग्दर्शकांचा असे दोन्ही संघ त्याच्या बाजूचे होते, आणि ऑस्कर ‘मूनलाइट’ला गेले; चुकीचा लिफाफा हाती पडल्यामुळे व्यासपीठावर आधी ‘ला ला लँड’चेच नाव पुकारले गेले, तो प्रसंग जगाने पाहिला. त्या वर्षी एक खूण मात्र उलट दिशेने बोट दाखवीत होती. नटांच्या संघाने समग्र नटसंचाच्या पारितोषिकासाठी ‘ला ला लँड’चे नामांकनही केलेले नव्हते, आणि १९९७ पासून त्या नामांकनाशिवाय कोणताही चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला नव्हता. २०१७ ला हा नियम खरा ठरला, तेव्हा अनेकांनी तो शिलालेखासारखा मानला. आणि पुढल्याच वर्षी ‘द शेप ऑफ वॉटर’ने, त्यानंतर ‘ग्रीन बुक’ने व २०२१ साली ‘नोमॅडलँड’ने तो मोडला.

अशा नियमांची मोडतोड कशी होते, हे पाहणे नियम पाठ करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. १९८२ पासून २०१४ पर्यंत, सलग तेहतीस वर्षे, सर्वोत्कृष्ट ठरलेल्या प्रत्येक चित्रपटाला संकलनाचे नामांकन होते. याचे कारण स्वच्छ आहे: जो चित्रपट सर्वांनाच आवडला तो संकलकांनाही आवडणार. २०१५ साली ‘बर्डमॅन’ त्या नामांकनाशिवाय जिंकला, कारण तो संपूर्ण चित्रपट एकाच अखंड दृश्यात घडतो असा आभास निर्माण करण्यासाठी त्याची सारी रचना होती आणि त्यामुळे संकलनाची कामगिरीच दृष्टीआड झाली होती. नियमामागचे कारण ज्याने ओळखले होते, त्याला हा अपवाद आधी दिसू शकत होता. तसेच, इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरत नाही, हा पायंडा पहिल्या एक्याण्णव समारंभांत अबाधित राहिला आणि बाण्णवाव्या समारंभात, २०२० साली, बाँग जून-हो यांच्या कोरियन ‘पॅरासाइट’ने तो संपवला. त्या वर्षी निर्मात्यांचा आणि दिग्दर्शकांचा असे दोन्ही संघ ‘१९१७’च्या बाजूने होते, समग्र नटसंचाचे पारितोषिक मात्र, अमेरिकी नट ज्यांतल्या एकालाही ओळखत नव्हते म्हणायला हरकत नाही, अशा कोरियन नटांना मिळाले होते. मधल्या काळात अकादमीचे मतदारही बदलले होते. नामांकनांत गौरेतरांना स्थान नाही या २०१५-१६ च्या तक्रारींनंतर तिने जगभरातून नवे सदस्य मोठ्या संख्येने घेतले.

या बदलाचा परिणाम अभिनयाच्या पारितोषिकांत विशेष दिसतो. तेथे दोन साक्षीदार महत्त्वाचे: नटांचा संघ आणि ब्रिटिश अकादमी, म्हणजे बाफ्टा. बाफ्टाचा समारंभ पूर्वी ऑस्करनंतर होई, त्यामुळे त्याला पूर्वसूचनेचे मोल नव्हते. २००१ पासून तो फेब्रुवारीत आणला गेला. नटांच्या संघाचे सभासद दीड लाखाच्या आसपास, बहुतेक सारे अमेरिकेतले. त्यांना ओळखीच्या, दीर्घकाळ राबलेल्या, आपल्यातल्या माणसाचा गौरव करावासा वाटतो. २०१९ साली त्यांनी ग्लेन क्लोजला निवडले, बाफ्टाने ऑलिव्हिया कोलमनला. ऑस्कर कोलमनला मिळाले. २०२१ साली त्यांनी दिवंगत चॅडविक बोझमनला निवडले, बाफ्टाने अँथनी हॉपकिन्सला. त्या रात्री कार्यक्रमाचा क्रम बदलून नायकाचे पारितोषिक अगदी शेवटी ठेवण्यात आले होते. नाव निघाले ते हॉपकिन्सचे, आणि ते समारंभाला उपस्थितही नव्हते. २०२४ साली लिली ग्लॅडस्टोन विरुद्ध एमा स्टोन, त्यातही ऑस्कर बाफ्टाच्या वाटेने गेले. एवढ्यावरून बाफ्टा हाच प्रमाण असा निष्कर्ष काढावा, तर २०२३ आडवे येते: त्या वर्षी ब्रेंडन फ्रेझर, मिशेल योह आणि जेमी ली कर्टिस या तिघांनाही बाफ्टाने डावलले होते, नटांच्या संघाने निवडले होते, आणि तिघांनाही ऑस्कर मिळाले. फ्रेझरची गोष्ट निराळी. पण उरलेल्या दोघींचा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ हा चित्रपट त्या वर्षी हॉलिवुडच्या सर्व संघांचा लाडका होता आणि बाफ्टाला तो फारसा भावला नव्हता. म्हणून दोन साक्षी परस्परविरोधी निघाल्या, तर त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाची लाट कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे, असे माझे मत आहे.

बाकीच्या संघांविषयी थोडक्यात सांगता येईल. लेखकांचा संघ आपल्या करारान्वये लिहिलेल्या पटकथाच विचारात घेतो; ‘द किंग्ज स्पीच’ आणि ‘जँगो अनचेन्ड’ या दोन्ही पटकथा त्याच्या स्पर्धेला अपात्र होत्या आणि दोन्हींना ऑस्कर मिळाले. तेव्हा या संघाचे मौन हा पुरावा मानू नये. संकलकांचा संघ नाट्यमय आणि विनोदी-सांगीतिक असे दोन विजेते निवडतो. २०१७ साली त्याने ‘अरायव्हल’ व ‘ला ला लँड’ निवडले, ऑस्कर तिसऱ्याच ‘हॅकसॉ रिज’ला गेले. वेशभूषाकारांचा संघ ऐतिहासिक, समकालीन आणि अद्भुतरम्य असे तीन विजेते निवडतो, आणि त्याची पारितोषिकेच मुळी १९९९ पासूनची आहेत. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मॉलो यांच्याबरोबर १९८३ साली ऑस्कर मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, त्यांच्या विजयाची पूर्वसूचना देणारी अशी कोणतीही संघटना तेव्हा पारितोषिक देत नव्हती. ‘गांधी’च्या एकूण लाटेची सूचना मात्र होती, कारण दिग्दर्शकांच्या संघाने रिचर्ड ॲटनबरो यांची निवड आधीच केलेली होती.

संख्याशास्त्राच्या पंडितांनीही या विषयात हात घातला आहे. इयान पार्डो आणि डीन सायमन्टन यांनी २००८ साली ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात, आधीची पारितोषिके व नामांकने यांवरून प्रत्येक उमेदवाराच्या विजयाची संभाव्यता काढण्याची रीत मांडली. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांचे निकाल बरोबर वर्तवणाऱ्या नेट सिल्व्हर यांनी २०१३ च्या ऑस्करसाठी आधीच्या पारितोषिकांना त्यांच्या पूर्वीच्या अचूकतेप्रमाणे गुण दिले, आणि ज्यांचे मतदार व्यवसायातलेच आहेत त्यांना अधिक वजन दिले. रीत शुद्ध होती. सहा मुख्य विभागांपैकी चार बरोबर आले. दिग्दर्शनात मात्र त्यांच्या गणिताने स्पीलबर्गचे नाव काढले आणि विजयी झाले अँग ली. त्या वर्षी बहुतेक सर्व पारितोषिके ॲफ्लेकने नेली होती आणि तो ऑस्करच्या रिंगणात नव्हता, म्हणून उरलेल्या चार-पाच जणांत निवड करण्यापुरती माहितीच गणिताला मिळाली नव्हती. शिवाय ज्याच्या आधारे हे सारे हिशेब मांडावयाचे त्या नोंदी फार थोड्या: निर्मात्यांच्या संघाचे २०२५ पर्यंतचे कौल जेमतेम छत्तीस, आणि पसंतीक्रमानंतरचे सोळा. सोळा नोंदींवरून शेकडा प्रमाण काढून ते दशांशापर्यंत सांगणाऱ्याला मी अभ्यासक मानीत नाही.

एवढी सावधगिरी बाळगून २०२५ चा निकाल वाचून पाहावा. ‘अनोरा’ला गोल्डन ग्लोब एकही मिळाले नाही. ८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या संघांनी ‘अनोरा’ला निवडले. बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘कॉन्क्लेव्ह’ ठरला आणि समग्र नटसंचाचे पारितोषिकही त्यालाच गेले. परंतु ‘कॉन्क्लेव्ह’च्या दिग्दर्शकाला ऑस्करचे नामांकन नव्हते, आणि अकादमीचे मतदान १८ फेब्रुवारीला संपलेले असताना नटांच्या संघाचा समारंभ झाला २३ फेब्रुवारीला, म्हणजे त्या रात्रीच्या भाषणांनी एकही मत इकडचे तिकडे होणे शक्य नव्हते. नायिकेच्या पारितोषिकासाठी नटांनी डेमी मूरला आणि बाफ्टाने ‘अनोरा’च्या मायकी मॅडिसनला निवडले होते. २ मार्चला ‘अनोरा’ने पाच ऑस्कर नेली, त्यांत चित्रपट, दिग्दर्शन आणि नायिका ही तिन्ही होती. त्यानंतर एप्रिलमध्ये अकादमीने नवा नियम जाहीर केला: २०२६ च्या समारंभापासून, ज्या विभागात मत द्यावयाचे त्यातील सर्व नामांकित चित्रपट पाहिल्याखेरीज सदस्याला त्या विभागात अंतिम मत देता येणार नाही. येथवर दिलेले सर्व दाखले या अटीपूर्वीचे आहेत, हे पुढील वर्षांचा अदमास बांधू इच्छिणाऱ्या वाचकाने आपल्या टिपणात सर्वांत आधी नोंदवून ठेवावे.